शिरसोंडच्या कड्यावरचा हिंगाचा डबा

शंतनुला नकला करायची खोड लहानपणापासूनची. गिरगावातल्या त्यांच्या वाडीत दुसऱ्या मजल्यावरच्या बेबीताईंच्या अंगात नवरात्रात यायचं. दसरा उलटला की हा जिन्याखाली पोरं जमवायचा आणि बेबीताई करून दाखवायचा. डोळे पांढरे, मान गोल गोल, घशाच्या तळातून निघणारा घोगरा आवाज. पोरं हसून लोळायची. एकदा त्याच्या आईने, सुनेत्राबाईंनी, हे पाहिलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या कानशिलात दिली. "खोटं अंगात आणू नये. कोणीतरी ऐकत असतं," एवढंच त्या म्हणाल्या. कोण ऐकतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही.

आता शंतनुची पस्तिशी आली होती. विमा कंपनीत नोकरी होती. वडील रघुवीर जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे वाडीतल्या दोन खोल्यांत मायलेक दोघंच राहायचे. नकलांची खोड मागे पडली होती, पण लोकांना चकवायची हौस काही गेली नव्हती. तिला त्याने नवीन वाट काढून दिली होती. जिओकॅशिंग म्हणतात त्या खेळाला. आडवाटेला कुठेतरी एक छोटा डबा लपवायचा, आत वही-पेन्सिल ठेवायची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे. मग जगातलं कोणीही मोबाइल घेऊन शोधत येतं, वहीत सही करतं, डबा होता तसा ठेवून जातं. यात मिळत काही नाही. मोठ्या माणसांची लपाछपी म्हणा हवं तर.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तो असाच एक डबा लपवायला शिरसोंडच्या कड्यावर गेला. कसाऱ्याच्या पलीकडे, शेवटच्या एसटीपासूनही दोन तास चालायचं असं ते गाव आणि त्याच्या डोक्यावर हा कडा. बरोबर सम्यक होता. सम्यक परळचा, कॉलेजपासूनचा मित्र, बांधकामाच्या कंपनीत इंजिनीअर. त्याला खेळात फारसा रस नव्हता, डोंगरात होता. अर्ध्या कड्यावर माणूस जेमतेम बसेल एवढी कपार होती आणि तिच्या माथ्यावर खोलीएवढा धोंडा टेकून बसला होता. शंतनुने आईच्या स्वयंपाकघरातून उचललेला हिंगाचा पिवळा डबा कपारीच्या फटीत सरकवला आणि फटीच्या तोंडाशी, बाजूने हात जाईल एवढी जागा ठेवून, एक दगड घट्ट ठोकून बसवला. मग पिशवीतून एक पुडी काढली.

"हे काय?" सम्यकने विचारलं.

"शेंदूर. मागचा डबा गुराख्यांनी नेला, त्याआधीचा माकडांनी. शेंदूर लावलेल्या दगडाला कोणी हात लावत नाही रे. याच्यापेक्षा बेस्ट कुलूप नाही."

सम्यकने पुडी हातात घेऊन परत दिली. "माझ्या आजोबांनी, बुधाजींनी, छप्पन साली घरातले देव नेऊन पाण्यात सोडले. सोपं नव्हतं गेलं त्यांना. आजी आठ दिवस जेवली नव्हती म्हणतात. आणि तू इथे टाइमपास म्हणून नवा बनवतोयस."

"देव कुठे? डबा आहे."

"ते तुला माहितीये. येणाऱ्याला कोण सांगणार?" मग त्याने मान वर केली. "आणि हा धोंडा बघ. खाली कातळ नाही याच्या, माती आहे. कोणी खालून चार घमेली काढली तर येईल खाली."

"इथे घमेली घेऊन येतंय कोण," शंतनु म्हणाला. खोबरेल तेलात कालवलेला शेंदूर त्याने दगडाला चोपडला आणि पिशवीतल्या चुन्याने, केवळ गंमत म्हणून, बोटाने दोन डोळे काढले. ते डोळे नको होते काढायला.

पहिलं वर्ष मजेत गेलं. पुण्याच्या नूपुरने वेबसाइटवर लिहिलं, "शेंदराची आयडिया भारी. दोनदा पुढून गेले, कळलंच नाही." शंतनुने तो मजकूर ऑफिसात चार जणांना दाखवला. पावसाळ्यानंतर दुसऱ्या कोणीतरी लिहिलं, "दगडासमोर नारळ फोडलाय. तुमचंच काम का?" तेव्हाही तो हसला. मग कोणाला तिथे हिरव्या बांगड्या दिसल्या, कोणाला खण. उन्हाळ्यात एकाने लिहिलं, "डब्यात आपल्या सह्या कमी आणि चिठ्ठ्या जास्त आहेत. एकीवर लिहिलंय, पोराचा ताप उतरू दे. मी सही न करता परत ठेवला."

त्या दिवशी शंतनु हसला नाही. पण त्याने काही केलंही नाही. खरं सांगायचं तर आतून त्याला गुदगुल्या होत होत्या. आपण चोपडलेल्या दगडापुढे माणसं हात जोडतात, ही गोष्ट मनात ठेवून ऑफिसात बसायला त्याला बरं वाटायचं. शेवटची नोंद दिवाळीनंतरची होती. "कड्याला पायऱ्या खोदल्यात. देवापुढे उभं राहायला जागा हवी म्हणून धोंड्याखालची माती काढतायत. मी आत गेलो नाही. तुम्ही हे बंद करा." त्याने ती वाचली आणि फोन उपडा ठेवला.

त्याला तेव्हा दुसरा घोर होता. सुनेत्राबाईंच्या हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं होतं. ऑपरेशन केलं नाही तर वर्ष निघणं कठीण. केलं तर, वय आणि साखर बघता, शंभरातले दहा-बारा टेबलावरून उठत नाहीत. पुढच्या महिन्याची बारा तारीख ठरली होती. आई धसका घेऊन बसली होती. जेवण अर्धी चपाती. रोज अंथरुणावर पडलं की एकच प्रश्न, "मी परत येईन ना रे, शंतू?" आणि हा, आयुष्यभर लोकांना चकवत आलेला माणूस, तेवढ्या एका प्रश्नाला खोटं बोलू शकत नव्हता. "डॉक्टर चांगले आहेत, आई," असं काहीतरी म्हणायचा आणि कूस बदलायचा.

मग एका गुरुवारी त्या जेवताना म्हणाल्या, "रविवारी मी देवाला जातेय. आपल्या उन्मेषने बस काढलीये." उन्मेष म्हणजे वाडीतल्या मंडळाचा कार्यकर्ता, सहली आणि रक्तदान शिबिरं एकाच उत्साहाने भरवणारा. "कसाऱ्याकडे शिरसोंड म्हणून गाव आहे. तिथे स्वयंभू देव प्रकटलाय. फार जागृत आहे म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या अक्षदाच्या सासूची गाठ विरघळली."

शंतनुचा घास हातात राहिला. "आई, चढ असेल. तुझ्याने होणार नाही."

"पायऱ्या केल्यात. हळूहळू नेतो म्हणाला उन्मेष. एकदा डोळे भरून बघते, त्याला विचारते, मग काय ते बारा तारखेचं."

सांगायला तो क्षण मोकळा होता. दोन वाक्यांचं काम होतं. पण आईने बोलता बोलता दुसरी चपाती वाढून घेतली, दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि शंतनुने भाजीचं पातेलं तिच्याकडे सरकवलं. शिवाय ती कानशिलात बसलेली चपराकही त्याला आठवत होती. त्याने मनाशी ठरवलं की रविवारी बसच्या आधी पोहोचायचं, दगड आणि डबा उचलायचा, पायऱ्यांच्या तोंडाशी काटे टाकायचे. देवच नसला की माणसं परत फिरतील. माणसं इतकी सोपी असतात असं तो अजून समजत होता.

रविवारी सकाळी तो आणि सम्यक मोटारसायकलवरून शिरसोंडला पोहोचले. आता गावापर्यंत कच्चा रस्ता झाला होता, वेशीवर कमान उभी होती, नारळाची तीन दुकानं होती. दोघं झपाट्याने वर चढले. पायऱ्या ओबडधोबड होत्या, पण होत्या, थेट कपारीपर्यंत. कपार मात्र ओळखू येईना. जिथे एक माणूस कसाबसा बसायचा तिथे आता वीस जण उभे राहतील अशी गुहा झाली होती. फरशी घातली होती, घंटा टांगली होती. मागच्या भिंतीत तो दगड होता. शेंदराचे थरावर थर चढून फुगला होता आणि दोन डोळ्यांच्या जागी कोणीतरी चांदीचे डोळे बसवले होते.

शंतनु पुढे झाला आणि त्याने दगडाला हात घातला.

"थांब," सम्यक म्हणाला. त्याचा आवाज इतका हळू होता की शंतनुने लगेच हात काढला. "वर बघ. सगळी माती काढलीये यांनी. धोंडा मागच्या बाजूने या दगडावर आलाय. तुझ्या दगडावर."

आणि खरंच, शेंदराला वरच्या कडेने ताजी भेग गेली होती. तिच्यातून बारीक माती गळत होती, एका लयीत, न थांबता. खालच्या फरशीवर तिचा छोटासा ढीग झाला होता. सम्यकने फरशीवर हात टेकून बघितलं आणि तो उलट्या पावली बाहेर आला. "आज पडेल की आठ दिवसांनी, नाही सांगता येत. पण वीस माणसं आत शिरून घंटा वाजवायला लागली, तर..."

खालून ताशाचा आवाज येत होता. गिरगावची बस पोहोचली होती आणि उन्मेषने स्वागताला गावचे वाजंत्री सांगितले होते.

दोघांनी त्यांना निम्म्या पायऱ्यांवर गाठलं. साठेक माणसं होती. पुढे गावातला म्हातारा पुजारी, मागे उन्मेष आणि त्याच्या दंडाचा आधार घेऊन, ओठ जांभळे पडलेल्या, अनवाणी सुनेत्राबाई. शंतनुला बघून त्यांना आनंद झाला. त्यांना वाटलं, मुलगा आपल्यासाठी मागोमाग आला.

"वर जाऊ नका," शंतनु म्हणाला. "धोंडा सैल झालाय. पडणार आहे."

पुजारी शांतपणे म्हणाला, "सैल असता तर देव तिथं बसला असता का?"

सम्यकने इंजिनीअर असल्याचं सांगून पाहिलं, माती, वजन, भेग, सगळं. कोणीतरी मागून म्हणालं की पायऱ्या खोदल्या तेव्हा कुठे होते हे इंजिनीअर. माणसं पुन्हा चढायला लागली. मग शंतनुने जे गुरुवारी सांगायचं ते तिथे सांगितलं. "तो देव नाही. मी ठेवलाय तो दगड, दोन वर्षांपूर्वी. शेंदूरही मीच लावला."

ताशा थांबला. गावातल्या एका तरण्या माणसाने त्याची कॉलर धरली. "देवाच्या दारात येऊन असं बोलतो?" दुसरा पुढे सरकला. सम्यक मध्ये पडला तर त्यालाही धक्का बसला. उन्मेष शरमेने म्हणाला, "शंत्या, काय लावलंयस हे? काकू बघतायत." आणि माणसं दोघांना कडेला सारून वर निघाली. दहा पायऱ्या, पंधरा पायऱ्या. सुनेत्राबाई एकेका पायरीवर थांबत, छातीवर हात ठेवून, मान खाली घालून त्याच्या समोरून पुढे गेल्या. आपला मुलगा सगळ्यांसमोर असं बोलला याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

वरून मूठभर माती घरंगळत आली आणि आईच्या पायापाशी थांबली.

तेव्हा शंतनुने दुसरं काही सुचेना म्हणून, पंचवीस वर्षांपूर्वी जिन्याखाली करायचा ते केलं. डोळे वर नेले. मान गोल फिरवली. घशाच्या तळातून तो आवाज काढला. तो आवाज इतक्या वर्षांनी जसाच्या तसा आला, त्याला स्वतःलाच दचकायला झालं. "मागं फिरा," तो घुमला. "मी उठतोय इथनं. जो वर येईल त्याचं रगत घेईन."

कॉलर धरणारा माणूस पहिल्यांदा खाली बसला. मग पुजारी. मग ओळीने सगळे, पायऱ्यांवर, जागा मिळेल तसे. खरं सांगितलं तेव्हा मारायला उठलेली माणसं खोट्यापुढे हात जोडून बसली होती. पुजाऱ्याने विचारलं, "चुकलं का काही, देवा?" शंतनु म्हणाला, "फिरा." माणसं उठून फिरू लागली. तेवढ्यात सुनेत्राबाई त्याच्यासमोर आल्या आणि त्याला, पोटच्या पोराला, हात जोडून म्हणाल्या, "देवा, माझं कसं होईल?"

त्याला फक्त त्यांना तिथून हलवायचं होतं. "तुला काही होणार नाही," तो म्हणाला. "घरी जा."

शेवटचा माणूस माळावर उतरला त्याला पाच मिनिटंही झाली नसतील. वर काहीतरी करकरलं, मग धोंडा खाली आला, घंटा, फरशी आणि निम्म्या पायऱ्या घेऊन. धूळ बसायला बराच वेळ लागला. एकाही माणसाला खरचटलं नाही. साठ माणसांनी धुळीकडे पाहिलं, मग शंतनुकडे पाहिलं. परत येताना सम्यक गाडी चालवत होता. घाट उतरल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. मग म्हणाला, "वाचली माणसं. ते चांगलं झालं." बाकी जे झालं त्याबद्दल तो बोलला नाही.

सोमवारी शंतनु ऑफिसातून आला तेव्हा दाराबाहेर चपलांचे सात जोड होते. गॅलरीत वाडीतल्या बायका बसल्या होत्या, दोन अनोळखीही होत्या, एक थेट माहीमहून आलेली. तो आत गेला तशा सगळ्या उभ्या राहिल्या. त्याने हसण्यावारी नेलं. मंगळवारी जोड अकरा झाले. बुधवारी कोणीतरी उंबऱ्यावर नारळ ठेवून गेलं.

गुरुवारी ऑफिसात असताना हॉस्पिटलातून फोन आला. पेशंटने बारा तारीख रद्द केलीये, नक्की ना? त्याने धावत घरी येऊन फडताळावरची गोळ्यांची पाकिटं बघितली. रविवारपासून एकही गोळी निघाली नव्हती. सुनेत्राबाई खुर्चीत बसून वाती वळत होत्या. चेहरा कधी नव्हे तो शांत होता आणि पाय घोट्यापासून पिंढरीपर्यंत सुजले होते. सुजेत बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता.

"आई, ऐक माझं. तो हिंगाचा डबा होता. तुझा, पिवळा. मी नेऊन ठेवला. त्याच्यापुढे दगड मी लावला."

"तरीच," त्या म्हणाल्या. "मी सगळं फडताळ उपसलं होतं त्या डब्यासाठी. म्हणजे माझ्या घरातलं त्याने मागून नेलं, तुझ्या हाताने."

"देव नाही तो. मी नक्कल केली. बेबीताईची. तू मारलं होतंस मला त्यावरून."

"मारलं होतं. तेव्हा खोटं होतं."

"परवाही खोटंच होतं."

"परवा धोंडा पडला, शंतू." त्यांनी वात खाली ठेवली. धाप लागत होती, वाक्य दोनदा तोडावं लागलं. "तुला आठवत नसेल. बेबीताईंनाही मागाहून काही आठवायचं नाही."

"मग मी सांगतो, ऑपरेशन कर. गोळ्या घे. मी, तुझा मुलगा, सांगतोय."

"आत्ता तू बोलतोयस," त्या मायेने म्हणाल्या. "तिथे तो बोलला."

शंतनुने मागच्या मोरीत जाऊन सम्यकला फोन लावला. सम्यकने सगळं ऐकून घेतलं. "उचलून न्यायचं का काकूंना?"

"शुद्धीत आहे, नाही म्हणतेय. तिची सही लागेल. डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद असतील तर फार तर आठवडा."

"मग काय करावं लागेल ते तुला कळलंय," सम्यक म्हणाला. "मला विचारू नकोस. माझ्या तोंडून हो निघणार नाही."

दुपारचे चार वाजले होते. दार सताड उघडं होतं आणि गॅलरीतल्या बायका आत बघत होत्या. शंतनु जमिनीवर बसला. डोळे वर गेले, मान फिरली, आवाज आला. डोंगरावर आला होता त्याहून सहज आला. सुनेत्राबाई खुर्चीचा हात धरून मोठ्या कष्टाने खाली उतरल्या आणि सुजलेले पाय दुमडून त्याच्यासमोर बसल्या. बाहेर कोणीतरी पदर डोक्यावरून घेतला.

"उद्या दवाखान्यात जा," तो घुमला. "कापू दे त्यांना."

"जाते," त्या लगेच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. शंतनुला वाटलं, जमलं. तो मान थांबवणार, इतक्यात त्यांनी हात जोडले. "एवढंच सांगा, देवा. मी परत येईन ना?"

शंभरातले दहा-बारा. तो आकडा त्याला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होता. गप्प राहिलो तर ती जायचं रद्द करेल आणि गोळ्या फडताळावरच पडून राहतील, हेही त्याला कळत होतं. लहानपणी ऐकलेलं ते वाक्य त्याला आठवलं, कोणीतरी ऐकत असतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला मनापासून वाटलं की कोणीतरी ऐकत असावं.

"येशील," तो म्हणाला.

सुनेत्राबाईंनी त्याच्या पावलांवर डोकं टेकवलं. मग त्या उठल्या, कपाट उघडलं आणि हॉस्पिटलात न्यायची पिशवी भरायला घेतली. टॉवेल, कंगवा, जपाची माळ, चष्म्याचं घर. परत येताना नेसायची साडी त्यांनी सगळ्यात वर ठेवली.